बुधवार की गुरुवार?

दोस्तांनो, तुमच्यापैकी रोजनिशी कोण कोण लिहितं? खरं सांगायचं हं! १ जानेवारीला बाबांच्या ऑफिसातून आलेली कोरी करकरीत डायरी आपण पटकावतो. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात नाव घालतो. चार दिवस पानंच्या पानं भरतो. मग कधी पाहुणे येतात, कधी चाचणी परीक्षा येते, आणि २६ जानेवारीचं झेंडावंदन होईपर्यंत डायरी कपाटात जाऊन बसते. लाजू नका, माझंही लहानपणी हेच व्हायचं!

आज मी तुम्हाला एका अशा माणसाची गोष्ट सांगणार आहे, ज्यानं जवळजवळ तीन वर्षं न चुकता दिवसांची नोंद ठेवली. तीसुद्धा घरी टेबलाशी बसून नाही, हेलकावणाऱ्या जहाजावर! वादळं झाली, उपासमार झाली, लढाया झाल्या. पण याची नोंद चुकली नाही. आणि एवढं करून परत येताना किनाऱ्यावरचे लोक त्याला म्हणाले, "अहो, तुमचा वार चुकलाय!"

काय वाटलं असेल बिचाऱ्याला?

या माणसाचं नाव आंतोनिओ पिगाफेट्टा. इटलीतल्या व्हिचेन्झा गावचा हा तरुण. नवे देश पाहायचे आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचं, एवढ्याच हौसेनं तो एका स्पॅनिश जहाजावर चढला होता. ते साल होतं १५१९.

लवंगेसाठी केवढा खटाटोप!

आईच्या मसाल्याच्या डब्यातली एक लवंग हातात घेऊन पाहा. इवलीशी, काळपट, खिळ्यासारखी. सोळाव्या शतकात ही लवंग युरोपात फार महाग होती. कारण ती पिकायची जगाच्या एका कोपऱ्यातल्या मूठभर बेटांवर. आजच्या इंडोनेशियातली ही मोलुकास बेटं. तिथून लवंग युरोपात पोचेपर्यंत अनेक व्यापाऱ्यांच्या हातांतून जायची आणि प्रत्येक जण आपला नफा चढवायचा.

पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडे यायचा सागरी मार्ग शोधला. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेलच. त्याआधीच, १४९४ साली, स्पेन आणि पोर्तुगाल यांनी एक तह करून अटलांटिक महासागरातून एक रेषा मारली होती. रेषेच्या पूर्वेकडचं पोर्तुगालचं, पश्चिमेकडचं स्पेनचं! बाकीच्या जगाला कुणी विचारलंसुद्धा नाही. म्हणजे पूर्वेकडून मसाल्याच्या बेटांवर जायचा रस्ता स्पेनला बंद.

अशा वेळी स्पेनच्या राजाकडे एक लंगडत चालणारा पोर्तुगीज दर्यावर्दी आला. फर्डिनांड मॅगेलन त्याचं नाव. तो १५०५ साली पोर्तुगीज आरमारातून हिंदुस्थानात आला होता, पुढे मलाक्क्यापर्यंत जाऊन लढला होता. मोरोक्कोतल्या लढाईत त्याच्या पायाला जखम झाली. पण त्याच्या स्वतःच्या राजानं त्याची कदर केली नाही. तेव्हा तो शेजारच्या स्पेनमध्ये गेला आणि म्हणाला, "पृथ्वी गोल आहे ना? मग मी पश्चिमेकडे जाऊन पूर्वेला पोचतो!"

स्पेनचा राजा चार्ल्स तेव्हा किती वर्षांचा होता ठाऊक आहे? फक्त अठरा! म्हणजे तुमच्या कॉलेजात जाणाऱ्या ताई-दादाच्या वयाचा. पुढच्याच वर्षी त्याची सम्राट म्हणून निवड झाली आणि पाचवा चार्ल्स या नावानं तो युरोपात गाजला. या तरुण राजानं मार्च १५१८ मध्ये मॅगेलनशी करार केला आणि त्याला पाच जहाजं दिली. त्रिनिदाद, सान आंतोनिओ, कोन्सेप्सिओन, व्हिक्टोरिया आणि सांतियागो. २० सप्टेंबर १५१९ रोजी सुमारे २४० माणसं घेऊन ही जहाजं सानलुकार बंदरातून बाहेर पडली. पिगाफेट्टा त्यांतलाच एक.

पाचाचं एक झालं

पुढचा प्रवास म्हणजे संकटांची रांगच. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यानं खाली जाता जाता थंडी सुरू झाली. हो, मार्च-एप्रिलमध्ये थंडी! दक्षिण गोलार्धात ऋतू आपल्या उलटे असतात ना. सान हुलियान नावाच्या ओसाड बंदरात मॅगेलननं मुक्काम ठोकला. अन्न कमी, गारठा फार, आणि सेनापती परका पोर्तुगीज! एप्रिल १५२० मध्ये तीन जहाजांवर बंड झालं. मॅगेलननं ते कठोरपणे मोडून काढलं. पण बंडात सामील झालेल्या सगळ्यांनाच मारून टाकलं, तर जहाजं चालवणार कोण? म्हणून चाळीसेक जणांना त्यानं जीवदान दिलं आणि साखळदंड घालून कामाला लावलं. त्यांत हुआन सेबास्तिआन एल्कानो नावाचा एक खलाशी होता. हे नाव लक्षात ठेवा बरं का! आपल्याला ते पुन्हा लागणार आहे.

सांतियागो जहाज वादळात फुटलं. ऑक्टोबरमध्ये तो प्रसिद्ध चिंचोळा जलमार्ग सापडला. आज आपण त्याला मॅगेलनची सामुद्रधुनी म्हणतो. पण तिच्यातच सान आंतोनिओ जहाजावरच्या लोकांनी पाठ फिरवली आणि ते स्पेनला परत गेले. सगळ्यांत जास्त शिधा होता त्याच जहाजावर!

२८ नोव्हेंबर १५२० रोजी उरलेली तीन जहाजं एका विशाल समुद्रात शिरली. समुद्र इतका शांत, की मॅगेलननं त्याचं नावच 'पॅसिफिक' ठेवलं. पॅसिफिक म्हणजे शांत, आपला प्रशांत महासागर. समुद्र शांत होता. पोटं मात्र शांत नव्हती. तीन महिने वीस दिवस त्यांना ताजं अन्न मिळालं नाही, असं पिगाफेट्टा लिहितो. बिस्किटांचा भुगा झाला होता आणि त्यात किडे पडले होते. पाणी पिवळं, घाण वासाचं. शेवटी डोलकाठीच्या आडव्या वाशावर गुंडाळलेलं बैलाचं कातडं काढून त्यांनी चार-पाच दिवस समुद्राच्या पाण्यात भिजत ठेवलं आणि निखाऱ्यांवर भाजून खाल्लं. उंदीर तर पैसे मोजून विकत घ्यावा लागे! माणसांच्या हिरड्या सुजल्या, दात झाकले गेले, बरेच जण दगावले. हा स्कर्व्ही नावाचा रोग. 'क' जीवनसत्त्व न मिळाल्यामुळे तो होतो, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मार्च १५२१ मध्ये ते आजच्या फिलिपाइन्समध्ये पोचले. तिथे मॅगेलननं एका बेटावरच्या राजाशी दोस्ती केली आणि त्याच्या वतीनं शेजारच्या माक्तान बेटावर चाल केली. तिथला प्रमुख होता लापुलापु. "आम्ही तुमच्या राजाला का म्हणून मानायचं?" असा त्याचा रोखठोक सवाल होता. २७ एप्रिल १५२१ रोजी गुडघा-मांडीएवढ्या पाण्यात लढाई झाली आणि तिच्यात मॅगेलन मारला गेला. पिगाफेट्टा त्याच्याजवळच लढत होता; त्यालाही विषारी बाण लागला. लापुलापुला फिलिपाइन्समध्ये आज राष्ट्रवीर मानतात. एकाच लढाईकडे दोन्ही काठांवरून कसं पाहता येतं, ते बघा!

माणसं कमी उरली म्हणून कोन्सेप्सिओन जहाज त्यांनी स्वतःच जाळून टाकलं. उरलेली दोन जहाजं नोव्हेंबरमध्ये मोलुकास बेटांपैकी तिदोरला पोचली. तिथे लवंगा भरल्या. निघायच्या वेळी त्रिनिदाद गळू लागलं. मग २१ डिसेंबर १५२१ रोजी एकटं व्हिक्टोरिया जहाज घराकडे निघालं. त्याचा कप्तान कोण? साखळदंडात काम केलेला तोच एल्कानो!

वार कुणाचा खरा?

एल्कानोनं पश्चिमेचीच दिशा धरली. म्हणजे हिंदी महासागर ओलांडून, आफ्रिकेला वळसा घालून. पण हा सगळा मुलूख पोर्तुगीजांचा. कुठल्या बंदरात शिरावं, तर पकडले जाणार! म्हणून ते बंदरं टाळत टाळत, जहाजातलं पाणी उपसत उपसत चालले. एकेक करून माणसं मरत होती. शेवटी अगदीच जगणं अशक्य झालं, तेव्हा ९ जुलै १५२२ रोजी आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप वर्दे बेटांशी त्यांनी नांगर टाकला. तीही पोर्तुगीजांचीच बेटं. "आम्ही अमेरिकेहून येतोय, वादळात सापडलो," अशी थाप मारायची ठरली.

होडीतून काही जण तांदूळ आणायला किनाऱ्यावर गेले. जाताना त्यांना सांगितलं होतं, "आज वार कोणता, तेवढं विचारून या." जहाजावरच्या हिशेबानं तो बुधवार होता.

माणसं परत आली. म्हणाली, "किनाऱ्यावर गुरुवार आहे!"

कमाल झाली! असं कसं होईल? पिगाफेट्टाची नोंद चोख होती. जहाजाचा मार्ग आखणारा फ्रान्सिस्को आल्बो हासुद्धा आपली वेगळी नोंदवही ठेवत होता, तिच्यातही बुधवारच! आल्बोला वाटलं, आपल्याच मोजण्यात एका दिवसाची चूक झाली असावी. पिगाफेट्टाला मात्र ते पटेना. एकही दिवस चुकवला नाही, मग अख्खा दिवस जाईल कुठे?

तुम्ही म्हणाल, एका दिवसानं काय बिघडलं? पण त्या भाविक खलाशांच्या दृष्टीनं पुष्कळ बिघडलं होतं. शुक्रवारी मांस खायचं नाही, हा त्यांचा धर्माचा नियम. वार चुकला म्हणजे त्यांनी शुक्रवारी मांस खाल्लं होतं, आणि ईस्टरचा रविवार चक्क सोमवारी पाळला होता! आपल्या आजीला कुणी सांगितलं, की तू संकष्टीचा उपास भलत्याच दिवशी केलास, तर तिला कशी रुखरुख लागेल? तसंच ते.

केप वर्देला पोर्तुगीजांना संशय आला आणि होडीतून गेलेले तेरा जण त्यांच्या तावडीत सापडले. एल्कानोला घाईनं शीड उभारून पळावं लागलं. ६ सप्टेंबर १५२२ रोजी व्हिक्टोरिया सानलुकारला पोचलं. जहाजावर युरोपातून निघालेली किती माणसं होती? अठरा! दोन दिवसांनी ते सेव्हिलला आले. दुसऱ्या दिवशी हे अठरा जण अनवाणी पायांनी, हातात मेणबत्त्या घेऊन, बोललेले नवस फेडायला चर्चमध्ये गेले.

मैदानावर करून पाहा

आता त्या हरवलेल्या दिवसाचा छडा लावू या. त्यासाठी तीन मित्र आणि एक मैदान लागेल.

मैदानावर फक्कीनं एक मोठं वर्तुळ काढा. एक जण सूर्य झाला, समजा सुनील. दुसरी मीना वर्तुळावर एका जागी उभी राहील. ती घरी राहिलेली माणसं. तिसरे तुम्ही, म्हणजे व्हिक्टोरिया जहाज. तिघांनीही मीनाच्या जागेपासूनच सुरुवात करायची. सुनीलनं वर्तुळावरून दहा फेऱ्या पळायच्या. तेवढ्या वेळात तुम्ही त्याच दिशेनं, हळूहळू चालत, फक्त एक फेरी पुरी करायची आणि सुनीलबरोबरच मीनापाशी पोचायचं. सुनीलनं गाठलं, की एक दिवस झाला असं मोजायचं.

मोजा बरं! मीना म्हणेल, "सुनील मला दहा वेळा भेटला." तुम्ही म्हणाल, "छे, नऊच वेळा!" खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. तुम्ही सुनीलच्याच दिशेनं जात होतात, म्हणून दर वेळी तुम्हाला गाठायला त्याला थोडं जास्त पळावं लागलं. तुमचा प्रत्येक 'दिवस' मीनाच्या दिवसापेक्षा किंचित मोठा झाला. ते सगळे किंचित किंचित मिळून एक अख्खी फेरी झाली.

आता आकडेमोड. सूर्य आपल्याला पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतो, आणि हे जहाजही पश्चिमेकडेच चाललं होतं. पृथ्वीचे रेखावृत्तांचे अंश ३६०. एक अंश पश्चिमेला गेलं, की सूर्योदय ४ मिनिटं उशिरा होतो. म्हणूनच आपल्या देशात अरुणाचल प्रदेशात सूर्य उगवल्यावर सुमारे दोन तासांनी तो द्वारकेला उगवतो. ३६० अंशांना ४ नं गुणा. १४४० मिनिटं. म्हणजे २४ तास. बरोबर एक दिवस!

सानलुकार ते सानलुकार हा प्रवास सुमारे १०८० दिवसांचा. १४४० मिनिटं १०८० दिवसांत वाटली, तर दिवसाला येतात सरासरी ८० सेकंद. जहाजावर वेळ मोजायला वाळूची घड्याळं. त्यांत ऐंशी सेकंदांचा फरक कुणाच्या लक्षात येणार? रोज ऐंशी सेकंद चोरपावलांनी निघून गेले, आणि तीन वर्षांनी एक पूर्ण दिवस गायब!

हे कोडं त्या काळच्या विद्वानांनाही पडलं. स्पेनच्या दरबारातला इतिहासकार पीटर मार्टिर यानं परत आलेल्या खलाशांना खोदून खोदून विचारलं. त्यांना अडाणी ठरवून तो मोकळा झाला नाही, हे विशेष! तो गेला व्हेनिसचा राजदूत गास्पारो कोंतारिनी याच्याकडे. कोंतारिनीचा अभ्यास दांडगा. त्यानं उलगडा केला, की खलाशांची काहीच चूक नाही. पश्चिमेकडे जात जात पृथ्वीला फेरी घातली, तर एक दिवस कमी भरणारच. खरं तर सीरियातला अबुल फिदा हा भूगोलतज्ज्ञ दोनशे वर्षांपूर्वी, चौदाव्या शतकातच, हे कागदावर मांडून गेला होता. पण तेव्हा पृथ्वीला फेरी घातली होती कुणी?

पुढे जगभर आगबोटी फिरू लागल्या, तेव्हा हा हिशेब ठेवायची पक्की सोय लागली. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिचचं रेखावृत्त शून्य अंशांचं मानायचं ठरलं. त्याच्या बरोबर पाठीमागे, प्रशांत महासागरात १८० अंशांच्या आसपास, आंतरराष्ट्रीय वाररेषा मानतात. पश्चिमेकडे जाताना ती ओलांडली, की कॅलेंडरातला एक दिवस गाळायचा. भूगोलाच्या पुस्तकात ही वाकडीतिकडी रेषा पाहाल, तेव्हा पिगाफेट्टाचा बुधवार आठवा!

आणखी एक हरवलेली गोष्ट

गोष्ट इथे संपली असं वाटलं ना? पण थोडं थांबा.

पिगाफेट्टानं वायाडोलिडला जाऊन सम्राट चार्ल्सला आपली हस्तलिखित वही भेट दिली. ती मूळ वही आता हरवली आहे. पण त्यानं नंतर लिहिलेल्या प्रवासवर्णनाच्या चार हस्तलिखित प्रती आजही आहेत. त्यांत बेटं आहेत, झाडं आहेत, पक्षी आहेत, तिथल्या लोकांचे शब्द आणि त्यांचे अर्थसुद्धा आहेत. मॅगेलनबद्दल तर किती प्रेमानं लिहिलंय त्यानं!

पण त्या पुस्तकात एक नाव कुठेच नाही. एल्कानोचं!

ज्यानं ते फुटकं जहाज घरी आणलं, ज्याच्यामुळे पिगाफेट्टा स्वतः जिवंत परतला, त्या कप्तानाचं नाव एकदाही नाही. का? कारण त्यानं कुठे सांगितलेलं नाही, पण अंदाज बांधता येतो. पिगाफेट्टाची मॅगेलनवर भक्ती होती आणि एल्कानो मॅगेलनविरुद्धच्या बंडात सामील झाला होता. तो राग बहुधा तीन वर्षांतही गेला नाही. दिवस मोजण्यात इतका काटेकोर असलेला हा माणूस, नाव लिहायची वेळ आली तेव्हा मात्र मुका झाला.

मग एल्कानो आपल्याला कसा कळला? दुसऱ्यांच्या लिखाणातून आणि सरकारी कागदपत्रांतून. स्पेनला पोचल्याच दिवशी त्यानं सम्राटाला लिहिलेलं पत्रही आहे. त्यात त्यानं काय मागितलं असेल? केप वर्देला अडकलेल्या आपल्या तेरा सोबत्यांना सोडवा, अशी विनंती केली! आणि ते पुढे खरंच सुटले. सम्राटानं एल्कानोला मानचिन्ह दिलं. त्यावर लवंगा, जायफळं आणि दालचिनी होती, आणि वर पृथ्वीचा गोल. त्याच्यावर लॅटिनमध्ये लिहिलं होतं, 'मला पहिली फेरी तू घातलीस.'

तेव्हा दोस्तांनो, पिगाफेट्टाकडून रोज न चुकता लिहायची चिकाटी जरूर घ्या. पण तुमच्या रोजनिशीत ज्याच्याशी तुमची कट्टी आहे, त्याचंही नाव येऊ द्या. मॅच जिंकून देणारा शेवटचा चौकार त्यानं मारला असेल, तर तसंच लिहा. राग आला असेल, तर तोही लिहा हवं तर. फक्त नाव गाळू नका. हरवलेला दिवस हिशेबानं सापडतो. गाळलेलं नाव शोधायला दुसऱ्या कुणाचे तरी कागद लागतात.

आणि दुसरं, तुमचा बुधवार आणि दुसऱ्याचा गुरुवार जुळला नाही, तर लगेच भांडायला उठू नका. पीटर मार्टिरसारखं आधी विचारा. दोघंही खरं बोलत असतील!

आता तुमच्यासाठी कोडं. समजा, व्हिक्टोरिया उलट्या दिशेनं, म्हणजे पूर्वेकडे जात जात पृथ्वीला फेरी घालून आलं असतं. जहाजावर बुधवार असताना किनाऱ्यावर कोणता वार असता? नुसता अंदाज सांगायचा नाही हं. सुनील, मीना आणि फक्की घेऊन मैदानावर जा, आणि या वेळी सुनीलच्या उलट दिशेनं चाला. तो किती वेळा भेटतो ते मोजा. उत्तर पुढच्या अंकात!